निकाल लागेपर्यंत थांबायचे की आधीच अर्ज करायचा?

वाचकाचे पत्र

आदरणीय मॅडम,

मी मूळची परभणी जिल्ह्यातल्या एका गावची. छत्रपती संभाजीनगरच्या एका खाजगी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या आठव्या सत्राला आहे आणि इंटर्नशिपचे नऊ आठवडे उरले आहेत. नोकरीसाठी अर्ज कधी करावा यावर आमच्या वर्गात दोन तट पडले आहेत. काही मुली म्हणतात की निकाल आणि नोंदणी क्रमांक हातात आल्याशिवाय कोणी दारात उभे करत नाही. पुण्यात नोकरी करणारी आमची एक सीनियर मात्र बायोडेटा आत्ताच पाठव असे सांगते. महाविद्यालयाच्याच संस्थेचे रुग्णालय आहे. तिथे नोकरी मिळेल, पण दोन वर्षांचा बॉन्ड आणि मूळ गुणपत्रिका जमा करण्याची अट आहे. वडील शेती करतात. त्यांचे म्हणणे असे की सरकारी ऑर्डर येईपर्यंत घरी राहून अभ्यास कर, खाजगीत राबू नकोस. मी नेमके कधी आणि कुठे अर्ज करावेत?

ता. क. माझी मावसबहीण जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग पदविकेच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. तिलाही हेच लागू होईल का?

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या वर्गातले दोन्ही तट आपापल्या परीने खरे बोलत आहेत, कारण दोघींच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत. सरकारी भरतीसाठी नोंदणी क्रमांक लागतोच. खाजगी रुग्णालयात मात्र अर्ज, लेखी चाचणी, मुलाखत आणि निवड हे सगळे नोंदणीआधी होऊ शकते. क्रमांक लागतो तो परिचारिका म्हणून प्रत्यक्ष रुजू होताना. म्हणून अर्ज करणे आणि रुजू होणे या दोन तारखा आधी मनात वेगळ्या कर आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होऊन तुझे नाव लागण्याची अंदाजे तारीख मधोमध धरून तिथून मागे मोजत ये. अधिसेविका, म्हणजे मेट्रन, असताना मी कित्येक वर्षे नव्या मुलींच्या मुलाखती घेतल्या. वेळेवर रुजू होणाऱ्या मुली बहुधा असा हिशेब करूनच आलेल्या असत आणि ज्यांची सहा-आठ महिने फरफट झाली त्यांनी निकालापासून पुढे मोजायला सुरुवात केलेली असे.

तुझ्यापुरता हिशेब मांडून पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित अभ्यासक्रमात आठवे सत्र 22 आठवड्यांच्या इंटर्नशिपचे आहे आणि तुझे नऊ आठवडे उरले आहेत. त्यानंतर मूल्यमापन, मग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा निकाल, मग गुणपत्रिका व तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, मग परिचर्या परिषदेकडे अर्ज, कागदपत्रांची छाननी आणि अखेर नोंदणी. माझ्या हाताखाली आलेल्या मुलींना निकालानंतरच्या या शेवटच्या टप्प्यालाच दीड ते तीन महिने लागलेले मी पाहिले आहेत. दुसऱ्या बाजूला, चांगल्या खाजगी रुग्णालयात अर्ज पोचल्यापासून नेमणूकपत्र मिळेपर्यंत महिना-दोन महिने सहज जातात, कारण लेखी चाचणी, वॉर्डमधली प्रात्यक्षिक परीक्षा, अधिसेविकेची मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांची पडताळणी एका दिवसात उरकत नाही. ही दोन कामे एकापाठोपाठ केलीस तर पाच महिने रिकामे जातील आणि एकाच वेळी चालवलीस तर नोंदणी झाल्यावर आठवड्याभरात तू ड्युटीवर असशील. तेव्हा खाजगी रुग्णालयांसाठी तुझा अर्जाचा काळ आत्ताच सुरू झाला आहे. इंटर्नशिपच्या शेवटच्या आठ आठवड्यांत अर्ज पाठवायला लाग आणि निकाल लागेपर्यंत पाठवत राहा.

निकालाआधी अर्ज केला तर रुग्णालयवाले हसतील ही भीती मनातून काढून टाक. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिका सतत बदलत असतात. कोणाला सरकारी ऑर्डर येते, कोणी परदेशी जाते, कोणाचे लग्न होऊन गाव बदलते. त्यामुळे तीन महिन्यांनी माणसे लागणार आहेत हे अधिसेविकेला आजच ठाऊक असते आणि शेवटच्या सत्रातल्या मुलीचा अर्ज तिला उपयोगाचाच असतो. अट एकच की अर्जात काही झाकायचे नाही. ‘आठव्या सत्रात इंटर्नशिप सुरू, अमुक महिन्यात पूर्ण होईल, निकाल अमुक महिन्यात अपेक्षित, त्यानंतर लगेच राज्य परिषदेत नोंदणीसाठी अर्ज करणार’ असे बायोडेटाच्या पहिल्या चार ओळींत स्पष्ट लिही. नोंदणी क्रमांकाची जागा कोरी ठेवलेला अर्ज मी बाजूला सारत असे, कारण ती मुलगी विसरली आहे, लपवते आहे की अजून शिकते आहे हे कळत नसे. नोंदणी ‘प्रक्रियेत आहे’ असेही परिषदेकडे अर्ज खरोखर दाखल केल्यावरच लिही.

बायोडेटात ध्येय आणि आवडीनिवडी यांवर जागा घालवू नकोस. कोणत्या विभागात किती आठवडे काम केले, तो विभाग किती खाटांचा होता, कोणत्या प्रकारचे रुग्ण सांभाळले आणि देखरेखीखाली कोणती कामे स्वतःच्या हाताने केली, हे लिही. ‘आयसीयूचा अनुभव’ असे तीन शब्द वाचून मला काही कळत नसे, पण ‘मेडिकल आयसीयू, चार आठवडे, व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे सक्शन आणि तोंडाची निगा, सेंट्रल लाइनचे ड्रेसिंग मदतनीस म्हणून’ एवढे वाचले की मुलाखतीत काय विचारायचे ते आपोआप ठरत असे. तुझी नोंदवही, म्हणजे लॉगबुक, अजून तुझ्याकडे आहे तोवरच हे सगळे उतरवून घे. ती एकदा महाविद्यालयात जमा झाली की आठवणीवर विसंबावे लागते आणि आठवडे चुकतात. तुझ्या कामाबद्दल दोन ओळी लिहून देऊ शकेल अशा परिसेविकेला, म्हणजे वॉर्डच्या सिस्टरला, आणि एका शिक्षिकेला आत्ताच भेट. सहा महिन्यांनी त्यांना तुझा चेहरा आठवेल, काम आठवेलच असे नाही.

मुलाखतीला जाताना पुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा रोजच्या कामाची उजळणी जास्त कर. 500 मिली सलाइन चार तासांत द्यायचे आहे आणि सेट 20 थेंबांना एक मिली असा आहे, तर मिनिटाला किती थेंब, हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारत असे. उत्तर साधारण 42 आहे. पण मला उत्तरापेक्षा ती मुलगी कागद मागून शांतपणे मांडणी करते की घाईने आकडा फेकते हे पाहायचे असे, कारण रात्रीच्या ड्युटीत दोन रुग्ण एकदम बिघडलेले असताना ती तसेच वागणार असते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, आयव्ही सेटची नळी लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि फुटलेली औषधाची बाटली निळ्या खोक्यात, हे अडखळत सांगणारी पदवीधर पाहिली की मन खट्टू होते, कारण चार वर्षे तिने ते रोज केलेले असते. येत नसलेल्या प्रश्नाला ‘मला हे येत नाही, मी वरिष्ठांना विचारून मगच करीन’ असे उत्तर देणारी मुलगी मी निवडून घेतलेली आहे. औषधाच्या बाबतीत ठोकून उत्तर देणारीला मात्र मी घेतले नाही, मग तिचे गुण कितीही असोत.

निकाल लागला आहे पण नोंदणी व्हायची आहे, अशा मधल्या काळात काही रुग्णालये मुलींना ‘ट्रेनी’ म्हणून कमी मानधनावर बोलावतात. तसे जावे का, असा प्रश्न तुझ्यासमोर नक्की येईल. मी म्हणेन, जा, पण तीन गोष्टी लेखी घेऊन जा: नोंदणी झाल्या दिवसापासून पद आणि वेतन बदलेल, तोपर्यंत तू नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखालीच काम करशील आणि एकटीकडे रात्रपाळीचा वॉर्ड सोपवला जाणार नाही. महाराष्ट्रात परिचर्येच्या व्यवसायाला 1966 चा कायदा लागू आहे. नोंदणी नसताना परिचारिका म्हणून स्वतंत्रपणे काम करणे त्यात बसत नाही. काही विपरीत घडले तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न आधी तुझ्याकडेच वळेल आणि त्या वेळी ‘मला सांगितले होते’ हे तोंडी उत्तर कामाला येणार नाही.

आता बॉन्डविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुझ्या पत्रातली मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे कोणत्याही मालकाकडे ठेवू नकोस. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे, साक्षांकित प्रती द्यायच्या आणि मूळ कागद त्याच बैठकीत परत घ्यायचे. ज्या मुलीचे मूळ कागद अडकलेले असतात तिला ना सरकारी भरतीच्या पडताळणीला जाता येते, ना दुसऱ्या रुग्णालयात, आणि हळूहळू पगारवाढ मागण्याचीही हिंमत तिच्यात उरत नाही. परिचारिकांवर अशी बंधने घालू नयेत अशी भूमिका भारतीय परिचर्या परिषदेने परिपत्रकांतून घेतलेली आहे. मी स्वतः शिकून बाहेर पडले तेव्हा एका खाजगी रुग्णालयाने माझे प्रमाणपत्र चौदा महिने अडकवून ठेवले होते. त्या काळात आलेली सरकारी मुलाखत मला सोडावी लागली आणि पुढची संधी यायला दोन वर्षे गेली. म्हणून या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. संस्थेचे रुग्णालय चांगले असेल, शिकायला मिळत असेल आणि कागद न ठेवता घेत असेल, तर अवश्य जा. कागद ठेवण्याची अट मागे घ्यायला ते तयार नसतील, तर नम्रपणे नाही म्हण. म्हणूनही आत्ताच अर्ज करायला सांगते आहे: हातात दुसरे एखादे नेमणूकपत्र असलेली मुलगी नाही म्हणू शकते, निकालानंतर चार महिने घरी बसलेल्या मुलीला ते फार जड जाते.

पगाराबद्दल तू काही विचारले नाहीस, तरीही एक माहिती तुझ्याजवळ असावी. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि 2016 मध्ये त्या न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्र सरकारने एक समिती नेमली. त्या समितीने अशी शिफारस केली की 200 पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेला राज्य सरकारच्या समकक्ष परिचारिकेइतके वेतन मिळावे, 100 ते 200 खाटा असतील तर ते 10 टक्क्यांहून अधिक कमी नसावे, 50 ते 100 खाटांना 25 टक्क्यांहून अधिक कमी नसावे आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा 20,000 रुपयांच्या खाली नसावे. शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि अनेक ठिकाणी ती झालेली नाही, हे दुःखाने सांगावे लागते. तरी मुलाखतीत वेतनाचा विषय निघेल तेव्हा खाटांची संख्या आणि ही शिफारस तुला ठाऊक असली पाहिजे. आवाज न चढवता तिचा उल्लेख करणाऱ्या मुलीला मी कधी उद्धट समजले नाही.

वडिलांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. सरकारी नोकरीतली स्थिरता, वेतन आणि निवृत्तीपर्यंतचा आधार यांचे मोल शेतकरी घराला कळते तेवढे कोणाला कळणार? मी स्वतः त्याच नोकरीतून निवृत्त झाले आहे. राज्य सेवेत अधिपरिचारिकेचे, म्हणजे स्टाफ नर्सचे, मूळ वेतन 35,400 रुपयांपासून आणि एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचे 44,900 रुपयांपासून सुरू होते, त्यावर भत्ते वेगळे. तेव्हा ध्येय तेच ठेवायला माझी ना नाही. फक्त ‘ऑर्डर येईपर्यंत घरी’ हा भाग मला मान्य नाही. राज्याच्या भरतीची जाहिरात कधी येईल हे कोणाच्या हातात नसते, परीक्षा, निकाल, पडताळणी आणि नेमणूक यांत पुन्हा महिने जातात आणि तोवर घरी बसलेल्या मुलीचा हात सुटतो. शीर पाहून सुई घालण्याचा सराव, मॉनिटरच्या आवाजावरून रुग्ण ओळखण्याची सवय, चार कामे मनात क्रमाने लावण्याची पद्धत, या गोष्टी पुस्तक वाचून टिकत नाहीत. वर्षभर घरी राहून आलेल्या आणि नोकरी करत परीक्षा दिलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या मुली माझ्या वॉर्डात रुजू झाल्या आहेत. पहिलीला पुन्हा उभे करायला मला तीन महिने लागत आणि त्या काळात तिचा स्वतःवरचा विश्वास किती खचलेला असे ते मी जवळून पाहिले आहे.

सरकारी दाराची वेळ वेगळी चालते, म्हणून ती नीट समजून घे. दिल्लीच्या एम्सकडून घेतली जाणारी नॉरसेट ही परीक्षा 2020 पासून सुरू झाली. देशभरातल्या एम्स संस्थांसाठी, म्हणजे आपल्या नागपूरच्या एम्ससाठीसुद्धा, ती एकच सामायिक परीक्षा आहे आणि अलीकडे ती वर्षातून दोनदा होते आहे. बी.एस्सी. झालेल्या मुलीला तिच्यासाठी अनुभवाची अट नाही, वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 18 ते 30 वर्षे आहे आणि आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत आहे. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा असे दोन टप्पे असतात आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात. पात्रता मात्र ठरलेल्या तारखेला पूर्ण असावी लागते आणि राज्य परिषदेतली नोंदणी हा त्या पात्रतेचाच भाग आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर आठवड्याने तुझी नोंदणी झाली तर तो एक आठवडा तुला पुढच्या परीक्षेपर्यंत, म्हणजे सहाएक महिने, मागे ढकलतो. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आणि महापालिकांच्या जाहिरातींतही ही अट साधारण अशीच असते. म्हणून निकाल लागल्या दिवसापासून परिषदेचा अर्ज हेच तुझे पहिले काम. त्या दिवशी मैत्रिणींबरोबर पेढे वाट, पण दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन कागद मागायला लाग.

नोंदणी बहुतेक वेळा ज्या कारणांनी अडते त्यांपैकी निम्मी कारणे तू आत्ताच दूर करू शकतेस. दहावीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि विद्यापीठाची गुणपत्रिका या तिन्हींवर तुझे, वडिलांचे आणि आडनावाचे स्पेलिंग अक्षरशः सारखे आहे का ते आज रात्रीच ताडून पाहा. एका अक्षराच्या फरकासाठी विद्यापीठाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागला तर महिने जातात. इंटर्नशिपच्या दिवसांची गैरहजेरी भरून काढायची राहिली असेल तर ती या नऊ आठवड्यांतच भरून टाक. तू मागास प्रवर्गातली असशील तर जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन क्रीमी लेअर प्रमाणपत्र यांच्याकडे बघ. नॉन क्रीमी लेअरची मुदत 31 मार्चला संपते आणि नेमकी त्याच सुमारास जाहिरात आली की तहसील कार्यालयात मुलींच्या रांगा लागतात. अधिवास प्रमाणपत्रही गावाकडेच काढावे लागेल, तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी जाशील त्याच फेरीत तो अर्ज टाकून ये.

कागदांच्या जोडीला एक गोष्ट शरीराचीही आहे आणि तिच्याकडे मुली फार दुर्लक्ष करतात. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस घ्यावे लागतात: पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. प्रवेशाच्या वेळी लस सुरू करून तिसरा डोस राहून गेलेल्या किती तरी मुली मी पाहिल्या आहेत. चांगले रुग्णालय रुजू करून घेताना लसीकरणाची नोंद आणि बऱ्याचदा रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी मागते. ती 10 च्या खाली आली तर पुन्हा डोस घ्यावे लागतात. हे रुग्णालयाच्या नियमासाठी करायचे नाही. सुई टोचण्याचा अपघात कोणत्याही परिचारिकेला, अगदी पहिल्या आठवड्यातसुद्धा, होऊ शकतो. तुझे डोस अपुरे असतील तर ते पूर्ण करायला हेच दिवस योग्य आहेत. बीएलएसचे, म्हणजे मूलभूत जीवरक्षण प्रशिक्षणाचे, प्रमाणपत्रही मुदतीचे असते, साधारण दोन वर्षांचे, म्हणून ते मुलाखतींच्या आसपास कर. तिसऱ्या वर्षात करून ठेवलेले प्रमाणपत्र रुजू होताना संपलेले निघते.

परदेशाबद्दल तू विचारले नाहीस, तरी तुझ्या वर्गातल्या कोणाच्या मनात असेल म्हणून थोडक्यात. आखाती देशांत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात, तेव्हा त्यासाठीही पहिली नोकरी इथेच करावी लागते. जर्मनीचा विचार असेल तर आधी भाषा, तीही बी 2 पातळीपर्यंत, आणि तिला एक वर्षाहून कमी वेळ लागेल असे धरून चालू नये. महाराष्ट्राने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि त्यात परिचारिकांचाही समावेश होता, त्यामुळे चौकशी करायला हरकत नाही. दलालाच्या हाती मात्र पैसे देऊ नका. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत नोंद असलेल्या संस्थेलाही उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांत रक्कम मागणारा माणूस समोर आला की तिथूनच परत फिरावे.

पहिली नोकरी कुठे धरावी, याबद्दल माझा कल सांगते. शंभराहून अधिक खाटांचे, स्वतःचा नर्सिंग शिक्षण विभाग असलेले आणि नव्या मुलींना पहिले काही आठवडे अनुभवी परिचारिकेबरोबर जोडीने ड्युटी देणारे रुग्णालय मिळाले, तर दोन-तीन हजार रुपये कमी पगारावरही ते स्वीकार. मुलाखतीच्या शेवटी ‘तुला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतात तेव्हा हेच विचार: सुरुवातीचे प्रशिक्षण किती दिवसांचे, रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात आणि राहण्याची सोय आवारात आहे की बाहेर. रात्री साडेआठला ड्युटी संपवून नव्या शहरात खोलीवर परतणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना यातला शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे. अर्ज पंधरा-वीस ठिकाणी विखरून टाकण्यापेक्षा नीट चौकशी करून पाच-सहा ठिकाणी कर. त्यातले एखादे तुझ्या घरापासून एका रात्रीच्या प्रवासात पोचता येईल असे असू दे. पुण्यातल्या त्या सीनियरला फोन करून तिच्या रुग्णालयात पुढच्या दोन-तीन महिन्यांत किती जागा निघणार आहेत हे स्पष्ट विचार. ती मुलगी तुझ्या हिताचे सांगते आहे.

वडिलांशी बोलताना ‘सरकारी की खाजगी’ असा वाद घालू नकोस. त्यांना सांग की नोंदणी होताच मी खाजगीत रुजू होईन, नॉरसेट आणि राज्याच्या भरतीचे फॉर्म भरत राहीन, ड्युटीनंतर रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण वेळ अभ्यास करीन आणि ऑर्डर आली की नियमाने नोटीस देऊन तिकडे जाईन. नेमणूकपत्रातली नोटीसची मुदत एक महिन्याची आहे की तीन, हे म्हणूनच सही करण्याआधी वाचायचे. तीन महिन्यांची असेल तर एक महिन्याची करून मागायची, कारण सरकारी नेमणुकीत रुजू होण्यासाठी मिळणारा अवधी कमी असतो. पहिला पगार घरी पाठवलास की वडिलांचा खाजगी नोकरीबद्दलचा राग बराच निवळेल, असे मला माझ्या वडिलांवरून वाटते.

आता मावसबहिणीबद्दल. तिला हे सगळे लागू आहेच, उलट तिला घाई तुझ्याहून जास्त आहे. नॉरसेटसाठी जीएनएम झालेल्या उमेदवाराला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो पात्रता मिळवल्यानंतरचा, म्हणजे नोंदणीनंतरचा, धरला जातो. तिची नोंदणी जितके दिवस लांबेल तितके दिवस ती दोन वर्षे उशिरा सुरू होतील आणि घराजवळ आहे म्हणून तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये काढलेला काळ त्यात मोजलाच जाणार नाही. तिने शेवटच्या परीक्षेच्या आधीपासून 50 पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयांतच अर्ज करावेत. नोकरी सोडताना मिळणाऱ्या अनुभव प्रमाणपत्रावर खाटांची संख्या, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आणि स्वतःचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा. रुग्णालय सोडून वर्ष झाल्यावर हे लिहून आणायला गेलेल्या मुलींना कार्यालयाच्या पायऱ्या कितीदा चढाव्या लागतात ते मी पाहिले आहे, तेव्हा शेवटच्या दिवशी पगाराच्या हिशेबाबरोबरच ते प्रमाणपत्र हातात घेऊन तिने बाहेर पडावे.